मोकळा, पण ढिला नव्हे

भोर आणि वेल्हे या दोन भागांत लोखंडाची निगा कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नाही. राबासाठी फांद्या उतरवणारा कोयता, भात कापणारा विळा, खाचराच्या बांधावरचे गवत काढणारे खुरपे, यांची देखभाल मुले मोठ्यांच्या हाताकडे पाहतच शिकतात. कोयता कमरेच्या आकडीत अडकवायचा, घरी आल्यावर पुसून कुडाला लावायचा, पावसाळ्याआधी लोहाराकडून पाजवून घ्यायचा, हे सांगावे लागत नाही. घडीचा चाकू मात्र याच घरांत परका राहिला आहे. तो बाजारातून येतो, जत्रेतल्या दुकानातून येतो, पुण्याहून गडावर येणाऱ्यांच्या पाठपिशवीतून येतो. नवा असताना तो इतका घट्ट असतो की उघडताना नख मोडते, आणि त्या घट्टपणाचे काय करायचे हे सांगणारी कोणतीही रीत त्याच्याबरोबर येत नाही. मग बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी पक्कड लावून, हातोडीने ठोकून, कानस मारून त्याला जबरदस्तीने मोकळा करतो आणि महिन्याभरात पाते मुठीत खुळखुळू लागते. कुणी तो तसाच खणात टाकतो आणि एका पावसाळ्यात तो गंजून कायमचा मिटतो. या दोन्ही शेवटांना चाकूची प्रत क्वचितच कारणीभूत असते. मोकळेपणा आणि ढिलेपणा यांतला फरक आपण केला नाही, हे त्यांचे खरे कारण आहे. चाकू मोकळा करणे म्हणजे त्याच्या सांध्यात जे नको ते काढून टाकणे. चाकू ढिला करणे म्हणजे सांध्याला जे हवे तेच झिजवून टाकणे. पहिले काम कितीही वेळा करता येते, दुसरे एकदा झाले की परतवता येत नाही. पुढच्या पानांतल्या सगळ्या सूचना या एका भेदावर उभ्या आहेत, म्हणून तो आधी नीट मांडला पाहिजे.

घडीचे पाते ही आपल्याकडची नवी कल्पना नाही, हे आरंभीच लक्षात घेतले तर पुष्कळ संकोच गळून पडेल. मराठी स्वयंपाकघरातली घडीची विळी हे त्याचेच मोठे भावंड आहे. काम झाले की पाते पाटावर आडवे होते, म्हणजे रांगत्या मुलाचा हात धारेवर पडत नाही. त्या विळीचा सांधा कधी कुरकुरतो, कधी फणसाच्या चिकाने धरतो, आणि घरातली बाई काय करते? फणस चिरायच्या आधीच विळीला आणि हातांना तेल लावते. चीक पाण्यात विरघळत नाही, तेलाचा हात असला की चिकटत नाही, एवढे तिला अनुभवाने पक्के ठाऊक असते. दुसरे भावंड म्हणजे अडकित्ता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहणाऱ्याला त्यांचे मोर, पोपट आणि घोडे आठवतात. पण अडकित्त्याची खरी परीक्षा त्याच्या खिळीत असते. खीळ घट्ट असेल तर सुपारी कातरताना मनगट दुखते. सैल असेल तर दोन पाती एकमेकांच्या शेजारून निसटतात आणि सुपारी कातरली न जाता चुरडते. चांगला अडकित्ता एका बोटाने उघडतो, पण आडवा हलवून पाहिला तर हलत नाही. घडीच्या चाकूकडून आपल्याला नेमके हेच हवे आहे. याचा अर्थ असा, की ज्या घरात विळी आणि अडकित्ता नीट राखला गेला, त्या घरात चाकू राखण्याचे ज्ञान आधीच आहे. ते एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर न्यायचे एवढेच उरते.

नवा चाकू घट्ट का असतो, याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. साध्या कमानीच्या चाकूत मुख्य भाग चार. एक पाते आणि त्याचे मुठीत शिरलेले मूळ. दुसरी, ज्या खिळीवर पाते फिरते ती. तिसरी, मुठीच्या पाठीतली पोलादी कमान, जी पात्याच्या मुळावर दाब ठेवून त्याला उघडे किंवा मिटलेले धरते. आणि चौथे, पात्याच्या दोन्ही अंगांना असलेले पितळेचे किंवा पोलादाचे पत्रे. पाते फिरते तेव्हा ते तीन ठिकाणी घासते: खिळीच्या भोवती, कमानीच्या पाठीवर आणि दोन पत्र्यांच्या मध्ये. कारखान्यातून निघालेला कोणताही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेला असतो. दोन नवे पृष्ठभाग प्रथम एकमेकांवर फिरतात तेव्हा हे उंचवटे एकमेकांत अडकतात आणि थोड्या फेऱ्यांनंतर एकमेकांना बसतात. जुन्या काळी नव्या मोटारीला पहिले काही मैल हळू चालवून ‘रनिंग इन’ करायचे, ते याच कारणासाठी. दुसरे कारण त्याहून साधे आहे. पात्याला चकाकी आणताना वापरलेले मेणकट पॉलिश, धातूचा कीस आणि साठवणीत घट्ट झालेले तेल सांध्यात राहून जाते. स्वस्त चाकूत हा गाळ अधिक असतो, महागात कमी. पण नसतोच असे नाही. तिसरे कारण दोष नसून गुण आहे: कमान जोरकस असावीच लागते. पाते बोटांवर आपोआप मिटू नये यासाठी खटका नसलेल्या चाकूत तिच्याशिवाय दुसरा आधार नाही. तेव्हा नव्या चाकूच्या घट्टपणात तीन गोष्टी मिसळलेल्या आहेत. गाळ धुऊन काढायचा आहे, खडबडीतपणा एकमेकांना बसू द्यायचा आहे, आणि कमानीचा दाब जसाच्या तसा ठेवायचा आहे. जबरदस्ती करणाऱ्याला या तिघांत फरक करता येत नाही. त्याच्या हातून सर्वांत आधी मरते ती कमान.

म्हणून उपचाराचा क्रम महत्त्वाचा. आधी निदान. पाते सावकाश उघडावे आणि हाताला काय जाणवते ते पाहावे. सबंध फेरीत सारखी खरखर लागत असेल तर गाळ आहे किंवा सांधा कोरडा आहे. फक्त आरंभी आणि शेवटी जोर लागत असेल तर ती कमान आपले काम करते आहे. पाते एका बाजूच्या पत्र्याला घासून जात असेल, मिटल्यावर मधोमध न बसता एका अंगाला टेकत असेल, तर खीळ वाकडी बसली आहे किंवा एका बाजूने जास्त आवळली आहे. निदानानंतर स्नान. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थोडे द्रावण आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन सांधा उघड्या पात्यानिशी घासावा, स्वच्छ पाण्यातून काढावा, फडक्याने टिपावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा. मग खिळीच्या दोन्ही बाजूंना आणि कमानीच्या टोकाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. आता पाते तीस-चाळीस वेळा सावकाश उघडावे, मिटावे. या वेळी धारेवर जाड पुठ्ठ्याची घडी किंवा चिकटपट्टीचे चार थर असावेत. पाते पाठीकडून धरावे. बोटे त्याच्या वाटेत ठेवू नयेत. नख पुरत नसेल तर खाचेत नाण्याची कड घालावी, पक्कड कधीही लावू नये. थोड्याच वेळात सांध्यातून काळे तेल बाहेर येऊ लागेल. तो कीस आहे, गाळ निघत असल्याचा तोच पुरावा. तो फडक्याने टिपून पुन्हा एक थेंब घालावा, आणि बाहेर येणारे तेल स्वच्छ होईपर्यंत हे करत राहावे. एका संध्याकाळी सारे संपवण्याची गरज नाही. तीन-चार दिवस मिळून केलेले हे काम चाकूला जो सुटसुटीतपणा देते, तो पुढे टिकतो. खीळ स्क्रूची असेल तर सर्वांत शेवटी, आणि तेही फेरीच्या आठव्या हिश्श्याइतकेच, तिला सैल करून पाहावे. आधी स्क्रू सैल करणारा माणूस गाळ जागेवर ठेवून सांध्यात फट पाडतो.

यावर गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कुशल माणसाचा एक रास्त आक्षेप येतो. तो म्हणतो, इंजिनचे वॉल्व्ह बसवताना आम्ही ग्राइंडिंग पेस्ट लावतो, दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून तासाभरात चपखल बसवतो. चाकूच्या सांध्यात तीच पेस्ट भरली तर चार दिवसांचे काम पंधरा मिनिटांत होईल. युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. घासून बसवणे ही मान्यताप्राप्त रीत आहे. पण वॉल्व्ह बसवून झाल्यावर तो सुटा काढून, रॉकेलने धुऊन, पेस्टचा कणही शिल्लक न ठेवता परत बसवतात. खिळ्याने ठोकून बंद केलेला चाकू असा सुटा करता येत नाही. त्याच्या खिळीत गेलेले कण तिथेच रुततात, पितळेच्या मऊ पत्र्यात बसतात आणि चाकू वापरात असेपर्यंत सांधा पोखरत राहतात. जो चाकू स्क्रू काढून पूर्ण सुटा करता येतो, धुता येतो, त्याच्या बाबतीत अनुभवी हाताने ही रीत वापरायला हरकत नाही. बाकीच्यांना ती घातक आहे. टूथपेस्टचेही तेच, कारण तिच्यात घासणारे कण असतात म्हणूनच ती दात स्वच्छ करते. कमानीला कानस लावून दाब कमी करण्याची सूचना याहून वाईट. एकदा कमान पातळ झाली की तिला जोर परत देता येत नाही, आणि असा चाकू काठी तासताना बोटांवर मिटतो. घट्ट चाकू नख मोडतो, ढिला चाकू बोट कापतो. दोन्हींची किंमत सारखी नाही.

दुसरा आक्षेप जास्त लोकांच्या मनात असतो: एवढा विधी कशाला, वापरला की आपोआप मोकळा होईल. कोरड्या, स्वच्छ कामात हे घडते, यात शंका नाही. कार्यालयात पाकिटे फोडणारा चाकू सहा महिन्यांत आपणहून सुरळीत होतो. पण भोर-वेल्ह्यातल्या गुंजण मावळात किंवा हिरडस मावळात चाकू ज्या कामाला लागतो ते काम कोरडे नाही, स्वच्छही नाही. भाताच्या रोपांच्या मुठी बांधायची दोरी कापणे, चिखलात रुतलेल्या पाइपाचे टोक साफ करणे, करवंदीची जाळी तोडणे, कैरी चिरणे, आंब्याच्या कलमाला काप देणे, या प्रत्येक कामातून सांध्यात काही ना काही शिरते: मातीचे कण, झाडाचा चीक, आंबट रस, पाणी. माती ही स्वतःच एक ग्राइंडिंग पेस्ट आहे. मातीने मोकळा झालेला चाकू खरोखर मोकळा होतो, पण जी झीज आपल्याला नको होती तीच झालेली असते. तेव्हा वापराने चाकू बसतो हे खरे असले, तरी तो चांगला बसावा यासाठी पहिल्या वापराआधी तो धुतलेला आणि तेल प्यायलेला असावा लागतो. याच ठिकाणी एक कबुलीही द्यायला हवी. काही चाकू मुळातच सदोष असतात. नवा असूनही पाते आडवे हलणे, खटका पूर्ण न बसणे, धार कमानीवर आपटून टोकाशी बोथट होणे, हे घट्टपणाचे प्रकार नाहीत. तेल आणि धीर यांनी ते सुधारत नाहीत. असा चाकू दुकानदाराला परत करावा. धीर धरणे म्हणजे दोष पदरात घेणे असा अर्थ कुणी काढू नये.

आता या प्रदेशाच्या हवेकडे वळू, कारण चाकूच्या आयुष्याचा निकाल पहिल्या आठवड्यापेक्षा पहिल्या पावसाळ्यात लागतो. तोरणा, राजगड, रायरेश्वर, वरंधा घाट आणि मढे घाट यांच्या रांगेवर नैर्ऋत्येचे ढग थेट येऊन आदळतात. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव ही धरणे याच पावसावर भरतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत घरातल्या कपड्यांना वास येतो, मिठाला पाणी सुटते, आणि भिंतीवरचे लोखंड न भिजताही तांबूस होते. याचे कारण असे की हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडावर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. डोंगरकपारीच्या गावांत ही मर्यादा पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओलांडलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. उघड्या कोयत्यावर त्याला फुगायला मोकळी हवा आहे. चाकूच्या सांध्यात, जिथे दोन पृष्ठभागांत केसाएवढे अंतर, तिथे तो फुगून पाचर ठोकतो. पावसाळ्यानंतर न उघडणारा चाकू ‘आखडला’ असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर त्याच्या आत गंजाची पाचर बसलेली असते. स्टेनलेस पोलादाचा चाकू घेतला की यातून सुटका होते, असे मानणारे अर्धे बरोबर आहेत. १९१३ मध्ये शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने जे गंजरोधक पोलाद बनवले त्याचे रहस्य क्रोमियममध्ये होते. पुरेसे क्रोमियम असले की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा घट्ट थर धरतो आणि तो ओरखडला तरी हवेतल्या प्राणवायूने पुन्हा भरून येतो. पण जिथे हवा पोहोचत नाही आणि खारट ओल अडकून राहते, तिथे हा थर भरून येत नाही. घामाने भिजलेल्या खिशातल्या चाकूचा सांधा ही नेमकी तशी जागा आहे. शिवाय स्टेनलेस पात्याच्या चाकूची कमान आणि खीळ पुष्कळदा साध्या पोलादाची असते. लाकडी मुठीचा प्रश्न आणखी वेगळा. १८९० मध्ये फ्रान्समधल्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेलने तयार केलेला लाकडी मुठीचा चाकू आज जगभर जातो. त्याचे लाकूड ओल धरून फुगले की पाते मुठीत अडकते, हे तो वापरणाऱ्या सर्वांना माहीत आहे. असा चाकू जुलैत घट्ट झाला म्हणून त्याचे लाकूड तासू नये. तो वाळवावा. जुलैत तासलेला चाकू जानेवारीत खुळखुळतो.

सांध्याला कोणते तेल घालावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण बहुतेक चुका इथेच होतात. घरात जे असेल ते लावावे, अशी आपली सवय. आणि उघड्या पात्याच्या कोयत्याला ती चालूनही जाते. सांध्याला चालत नाही, कारण सगळी तेले हवेत सारखी वागत नाहीत. जवसाचे तेल हवा लागून वाळते आणि कडक कवच धरते; म्हणून तर रंगारी आणि सुतार ते वापरतात. करडईचे तेलही बऱ्याच अंशी त्याच स्वभावाचे. आज ते सांध्यात सुळसुळीत वाटते आणि काही आठवड्यांनी डिंकासारखे चिकट होते. नवा चाकू धुतल्यावर मोकळा झाला होता, तेल घातल्यावर पुन्हा घट्ट झाला, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा करडईच्या बुधल्यात असते. खोबरेल तेल असे वाळत नाही. पण साधारण २४ अंशांखाली ते गोठते, आणि भोर-वेल्ह्यातल्या हिवाळी पहाटे त्याहून पुष्कळ थंड असतात. म्हणून सांध्यासाठी शिलाई मशीनचे खनिज तेल सर्वांत सोपे. चाकूने फळे आणि भाकरीबरोबरचा कांदा कापायचा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन बरे. १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी बनलेला डब्ल्यूडी-४० हा फवारा भिजलेला सांधा सोडवायला उत्तम आहे, पण त्याचा मोठा भाग उडून जातो. त्याच्यावर निर्भर राहून पावसाळा काढता येत नाही. फवारल्यावर पुसून घेऊन वर तेलाचा थेंब हवाच. वाळणारी तेले अगदी टाकाऊ आहेत असे मात्र नाही. जवसाच्या तेलाची जागा लाकडी मुठीवर आहे. पातळ हात फिरवून, जास्तीचे पुसून, चार दिवस वाळू दिले तर तेच कवच ओल आत जाऊ देत नाही. एकच तेल मुठीला अमृत आणि खिळीला विष, हे ज्याला समजले त्याला बाकीची निगा वेगळी शिकवावी लागत नाही.

धारेच्या बाबतीत कोयत्याचा अनुभव उपयोगी आहे आणि फसवाही. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून लोहार जो कोयता घडवतो, त्याला पाणी देताना तो पोलादाला मुद्दाम थोडे चिवट ठेवतो. गाठीवर बसलेला घाव सोसला पाहिजे, आणि धार गेली तर ओढ्याकाठच्या काळ्या दगडावर परत आणता आली पाहिजे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातली खनिजे कठीणपणाच्या दहाच्या मापावर ६ च्या आसपास येतात. कोयत्याला तेवढी पुरतात. चाकूचे पाते त्याहून कठीण केलेले असते. काळ्या दगडावर ते झिजण्यापेक्षा नुसते घासले जाते. त्याला कार्बोरंडमचा दुतर्फी दगड हवा, एक बाजू जाड, एक बारीक. कोन दोन्ही अंगांनी १५ ते २० अंशांच्या दरम्यान, म्हणजे कोयत्यापेक्षा बराच निमुळता. एका अंगाने घासताना दुसऱ्या अंगाला धारेवर अगदी बारीक कोर वळलेली बोटाला जाणवते. फिटर तिला बर म्हणतात. ती सबंध धारेवर आली की त्या अंगाचे काम झाले. मग दुसरे अंग, आणि शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने ती कोर उतरवणे. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला हे क्षणात करतो, आणि विळी-कोयत्यासाठी त्याचे कौशल्य खरे आहे. पण पातळ पाते वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर फार लवकर तापते. धारेवर निळी छटा दिसली की पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापले, त्याचे पाणी उतरले, आणि तेवढ्या भागाची धार पुन्हा टिकणार नाही. म्हणून धारवाल्याला नकार द्यायची गरज नाही. पाते हलके टेकवून वरचेवर पाण्यात बुडवायला सांगावे. घिसाडी आणि लोहार यांच्या कामाचा मान राखण्याची ही सुद्धा एक रीत आहे: कोणते काम त्यांच्या भात्यासमोरचे आणि कोणते आपल्या दगडावरचे, हे ओळखणे.

एवढ्या सगळ्यावर शेवटी व्यवहाराचा प्रश्न येतोच: शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी इतका वेळ का घालवायचा? बिघडला तर दुसरा घेऊ. कृषी संशोधनाचा कलही निगा कमी करण्याकडेच आहे, असे कुणी म्हणेल; दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या दातेरी वैभव विळ्याने भातकापणीत वरचेवर पाजवण्याचा खटाटोप वाचवला, हे उदाहरणही देईल. ते उदाहरण चांगले आहे, आणि जिथे निगा टाळूनही काम सुरक्षित होते तिथे ती टाळावीच. पण घडीच्या चाकूत ती टाळता येत नाही, कारण त्याचा सांधा बिघडतो तेव्हा तो काम करायचे थांबत नाही. तो धोकादायक होऊन काम करत राहतो. बोथट विळ्याने भात उशिरा कापले जाईल. ढिल्या चाकूने एखाद्या दुपारी, दवाखान्यापासून दूर डोंगरात, बोटाची शीर कापली जाईल. शिवाय स्वस्त चाकू वारंवार घेण्यापेक्षा एक राखलेला चाकू स्वस्त पडतो, हे गणित कुणीही घरी मांडू शकते. दुसरी शंका समाजाची आहे. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या वर्तमानपत्रांत कोयता हा शब्द शेतीच्या पानावर कमी आणि गुन्ह्याच्या पानावर जास्त दिसू लागला आहे. अशा दिवसांत चाकूविषयी ममतेने लिहावे का? लिहावे, आणि म्हणूनच लिहावे. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे धारदार शस्त्रांच्या वर्गात घातली, आणि घरगुती, शेतीच्या व उद्योगाच्या कामासाठी घडवलेली अवजारे वेगळी ठेवली. कायद्यानेही अवजार आणि हत्यार यांत रेषा आखली आहे. खिशातला लहान चाकू त्या मापाच्या पुष्कळ आत असतो. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश असताना, मिरवणुकीत, जत्रेत, निवडणुकीच्या काळात तो घरी ठेवावा. आणि गडावर नेला तर त्याचा उपयोग दोरी, फळ आणि काटक्यांपुरता. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या राजगडाच्या दगडावर नाव कोरणारा चाकू कितीही छान राखलेला असला तरी तो वाया गेलेलाच म्हटला पाहिजे.

या निगेसाठी नवे वेळापत्रक शोधायचीही गरज नाही. ते आपल्या पंचांगात आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी कोयता लोहाराकडे जातो, त्याच दिवशी चाकू धुऊन, वाळवून, सांध्यात तेल घालून ठेवावा. पाऊस चालू असताना रोज रात्री पुसून उघड्या हवेत ठेवावा, चामड्याच्या पाकिटात किंवा ओल्या खिशात नाही. आठवड्यातून एकदा एक थेंब द्यावा आणि दहा-बारा वेळा उघडमीट करावी. आणि आश्विनात, पाऊस ओसरत असताना, खंडेनवमी येते. त्या दिवशी घरातले सगळे लोखंड बाहेर निघते, घासले जाते, तेलाचा हात फिरतो, हळदकुंकू वाहिले जाते. नांगराचा फाळ, कोयता, विळा, विळी, अडकित्ता, आता तर दुचाकी आणि मळणीयंत्रही त्या ओळीत असते. लोखंडाने ओलीचे तीन-चार महिने नुकतेच सोसलेले असतात, आणि त्याची सर्वांत जास्त काळजी घ्यायची वेळ हीच असते. पूजेच्या त्या पाटावर घडीच्या चाकूला जागा करून देण्याइतकेच या पुस्तिकेचे मागणे आहे. पण त्याची पूजा मिटलेल्या स्थितीत करू नये. तो उघडावा, उजेडात धरून सांधा पाहावा, पाते आडवे हलवून पाहावे. हलत नसेल, आणि एका बोटाच्या नखाने पुरा उघडत असेल, तर गेल्या वर्षभरातली निगा बरोबर होती. तेलाचा एक थेंब घालून तो मिटून पाटावर ठेवावा.